रुपयाच्या उजवीकडे

शनिवारी दुपारी आंधळगावात आमच्या छपरीत पाचवीची मुलं दशांश अपूर्णांक शिकायला बसली होती, आणि माझ्या मनात एकच चाललं होतं... ही शिकवणी आता बंद करावी.

माझं स्वतःचं शिक्षण अकरावीत सुटलं. त्यामुळे धाकधूक कायमच असते. प्रत्येक उदाहरण आधी घरी सोडवून बघतो, मगच फळ्यावर लिहितो. तरीही व्हायचं ते झालंच.

मुलांना सोपं जावं म्हणून मी सांगितलं होतं, बिंदूच्या डावीकडे रुपये, उजवीकडे पैसे. सगळ्यांना लगेच समजलं. मग शाळेत चाचणी झाली. ३.५ मोठे की ३.२५? माझ्या सगळ्या मुलांनी ३.२५ लिहिलं... पाच पैशांपेक्षा पंचवीस पैसे जास्तच ना! नियम माझा होता, त्यांनी फक्त पाळला.

खुशीला सगळ्यांत कमी मार्क पडले. तिची आई सकाळीच येऊन गेली. "भाऊ, हिचे बाबा म्हणतात, पोरीचं डोकंच नाही गणितात. मोहाडीले क्लास लावून देतो म्हणून राहिले. आज शिकवून पाहा, संध्याकाळी मले खरं काय ते सांगा."

म्हणून मी पुठ्ठ्याची नाणी कापली. दहा पैशांची मोठी, एक पैशाची लहान.

"सर, दहा पैशात काय भेटते?" यशने विचारलं.

"आता काहीच नाही."

"मंग रुपयाचे सुटे कायले करायचे? दुकानवाला तं चॉकलेट देते!"

सगळे खिदळले. या मुलांनी पैशांची नाणी कधी हातात धरलीच नव्हती, आणि मी सगळं त्यावरच उभं केलं होतं...

खुशी हसली नाही. तिने माझ्याकडून शंभराची नोट मागून घेतली. त्या नोटेच्या उजवीकडे दहाची नोट ठेवली, मग रुपया. बराच वेळ बघत राहिली. मग रुपयाच्या उजवीकडे पुठ्ठ्याचं दहा पैशांचं नाणं ठेवलं, आणि त्याच्याही उजवीकडे एक पैसा.

"सर, हे तं तेच चालून राहिलं. एकाचे दहा भाग केले का बाजूचं येते."

"मग ३.५ मधले पाच कुठे बसतील?"

तिने दहा पैशांची पाच नाणी लावली आणि एकदम वर बघितलं. "हे पन्नास पैसे हायेत! ३.२५ मध्ये तं इथे दोनच येतात. मोठं हेच आहे!"

मी इतक्या जोरात "बरोबर" म्हणालो की बाकीची मुलं दचकली.

"सर, मंग पैशाच्या उजवीकडे काय येते?" खुशीने लगेच विचारलं.

संध्याकाळ होत आली होती; तेवढ्यात तिची आई आली. मी उठून उभा राहिलो. "तिला समजलं, काकू. अगदी मुळापासून समजलं."

त्यांनी पदर सारखा केला. "बरं झालं, भाऊ. पण हिच्या बाबानं दुपारीच फी भरून टाकली ना तिकडं..."

खुशीने दप्तर भरलं.

आज सोमवारी ती आली नाही, अजून दोघं आले नाहीत. पुढच्या महिन्यात शिकवणी असेल असं मला वाटत नाही... ज्या दिवशी एका मुलीने मला दशांश नीट दाखवला, त्याच दिवशी ती गेली.

मोहाडीच्या त्या सरांना मी ओळखत नाही. त्यांना एवढीच विनंती आहे... पैशाच्या उजवीकडे काय, हा प्रश्न तिने पुन्हा विचारला, तर "हे परीक्षेला नाही" असं म्हणू नका.