अविनाशची स्वखुशी

माझ्या मुलाला स्वतःहून काही हवंसं वाटतं का, ही काळजी गेले पंधरा दिवस मला झोपू देत नाही. अविनाश अठ्ठावीस वर्षांचा आहे. शेगावच्या एका लॉजमध्ये रात्रपाळीला काउंटरवर बसतो. नियम मोडणं त्याला जमत नाही. मागे मी तिथे मुक्कामाला गेले, तर त्यानं माझं आधार कार्ड मागितलं. ते देऊळघाटला घरीच राहिलं होतं. ह्यांनी मोबाइलवर फोटो पाठवेपर्यंत मी बाकावर बसून होते. रजिस्टरमध्ये 'येण्याचं कारण' या रकान्यात त्यानं लिहिलं, 'आई'.

आम्ही कॅथलिक. आमच्यात लग्नाआधी फादर मुलाला आणि मुलीला वेगवेगळं बसवून शपथेवर विचारतात, हे लग्न स्वखुशीनं करताय ना, कोणी दबाव आणला का? दुसरबीडची प्रतीक्षा, आमची ठरलेली सून, पाच मिनिटांत बाहेर आली. अविनाश तासभर आत होता. त्यानं उत्तर दिलं होतं, "हो, आईनं आणला."

स्थळ आलं तेव्हा मी एवढंच म्हणाले होते, मुलगी चांगली आहे, संध्याकाळपर्यंत हो म्हण. ते वाक्य त्यानं तारखेसकट सांगितलं.

फादरांनी लग्न थांबवलं. हॉल ठरला होता, चर्चमध्ये दोन रविवार लग्नाची घोषणाही झाली होती. मी भांडायला गेले. ते म्हणाले, नियम पाळणं ही सुरुवात. चांगलं वागणं अंगवळणी पडतं, मग आवडायला लागतं, तेव्हा माणूस मोकळा होतो. तुमचा मुलगा अजून नियमापाशीच बसलाय. त्याला रोज एक गोष्ट स्वतःच्या मनानं करू द्या.

अविनाशनं त्यांच्याकडे अशा गोष्टींची यादी मागितली. मिळाली नाही. मग रोज सकाळी ड्यूटी संपली की मला फोन. आज मनानं कांदाभजी खाल्ली, बरोबर केलं ना? आज मनानं दुसऱ्या रस्त्यानं आलो, चाललं ना?

शेजारच्या वच्छलाबाई मेथी निवडता निवडता सगळं ऐकत होत्या. "काय वं सिंधूताई, तुमच्या देवाले होकार शपथेवर लागते? आमच्यात नवरदेवाले आजवर कोनी इचारलंच नाही."

शेवटी मीच त्याला म्हणाले, प्रतीक्षा आवडत असेल तर जा आणि फादरांना तसं सांग. त्यानं उलट मलाच विचारलं,

"आई, आता तू सांगतलं म्हून गेलो, तं ते माह्या मनानं कसं होईन?"

म्हणजे मी बोलले की त्याचा होकार बाद, आणि गप्प बसले की तो माझ्या बोलण्याची वाट पाहणार.

काल प्रतीक्षाचा फोन आला. ती चिडलेली नव्हती. म्हणाली, "त्यांना मी पाहिजे का नाही, एवढंच कळू द्या. नाही म्हणले तरी चालंल. रविवारपर्यंत थांबते."

 अविनाशचे बूट, कॉलेज, चर्चमधल्या दृढीकरण संस्कारात घ्यायचं संताचं नाव, सगळं मीच निवडलं होतं. त्याला काय आवडतं, हे मला खरंच माहीत नाही.

आज मी हॉल सोडून दिला. रात्रीचे साडेबारा वाजलेत, तो काउंटरवर जागा असेल. मी फोन करणार आहे. हॉल सोडल्याचं सांगीन, आणि तो नाही म्हणाला तर दुसरबीडला मी स्वतः जाऊन माफी मागीन, हेही. मग तो विचारील, आता मी काय करू? तेव्हा फोन ठेवायचा नाही, आणि उत्तरही द्यायचं नाही.