निर्मळची सुकेळी आणि तक्त्यात नसलेली आत्या

कामासाठी केलेल्या प्रवासावर मी सहसा लिहीत नाही. हे मेघनाच्या परवानगीने, नावं बदलून लिहिते आहे.

मी आनुवंशिक कर्करोगावर संशोधन करते. मेघनाला चौतिसाव्या वर्षी स्तनाचा कर्करोग झाला. तिच्या जनुकातला बदल वडिलांकडून आला होता, हे त्यांच्या तपासणीतून स्पष्ट झालं होतं. आता तिच्या काकांच्या लाळेचा नमुना हवा होता. ते निर्मळची वाडी सोडून मुंबईला यायला तयार नव्हते, म्हणून डिसेंबरातल्या एका शनिवारी मीच निघाले.

नालासोपाऱ्याला पश्चिमेला उतरा. निर्मळला बस जाते. शेअर रिक्षा लवकर भरते. सुटे पैसे ठेवा. इमारती संपतात तिथे हवा बदलते, हे मी मोजून सांगू शकत नाही, पण बदलते. केळीच्या बागांत धुकं अजून बसलेलं होतं. एक बाई सायकलला चाफ्याची टोपली बांधून समोरून गेली आणि वास तिच्या मागून बराच वेळ चालत राहिला.

मेघनाच्या वाडीत एक बावखल आहे, शिंपण्यासाठी खणलेलं जुनं तळं. त्याच्या काठाला बसून मी काकांचा नमुना घेतला, नळीवर क्रमांक लिहिला. पाणी इतकं स्थिर होतं की नारळ खाली वाढल्यासारखे दिसत होते. जेवायला केळफुलाची भाजी आणि तांदळाची भाकरी. मी दोनदा घेतली.

जेवणानंतर मेघनाचे वडील, विनायकराव, सुकेळी बांधत बसले. सुकेळी म्हणजे उन्हात वाळवलेली राजेळी केळी; मधासारखी चिकट. वाळक्या पानात गुंडाळलेले दोन पुडे तयार झाले.

"हा तुमच्यासाठी," ते म्हणाले.

"आणि दुसरा?"

"सुनंदाचा. माझी धाकटी बहीण. आचोळ्याला दिली."

फॉर्मवरून मी काढलेल्या वंशावळीच्या तक्त्यात सुनंदा नव्हती.

"तुम्ही फॉर्ममध्ये लिहिलं नाही?"

"कुटुंबातल्या व्यक्ती लिहा म्हणालात. रेशनकार्ड समोर ठेवून उतरवलं. तिचं नाव लग्नानंतर कमी केलं की."

फॉर्म मी बनवला होता.

मी त्यांना सांगितलं : तुमच्यात तो बदल आहे, तो तुमच्या आईकडून किंवा वडिलांकडून आला असणार, म्हणून सुनंदाताईंमध्ये असण्याची शक्यता निम्मी. त्यांना मुलगी आहे. आम्ही नातेवाइकांना परस्पर कळवत नाही. कळवायचं तर घरच्यांनी.

"आत्याला वाटतं, हा आजार माझ्यापुरताच आहे," मेघना म्हणाली. "पप्पा, तुम्ही सांगाल?"

बावखलात एक पान उतरलं, गोल फिरलं, थांबलं. विनायकरावांनी चिकट हात धुतले.

"एरवी पुडा हिच्याबरोबर पाठवतो. आज मीच येतो."

आचोळे स्टेशनच्या पूर्वेला. शनिवारी दुपारी पुलाखाली रिक्षा अर्धा तास अडकते, तेवढा वेळ धरून चला. तिसरा मजला, लिफ्ट बंद. सुनंदाआत्यांनी दार उघडलं आणि आधी भावाकडे, मग माझ्या बॅगेकडे पाहिलं.

विनायकराव नीट बोलले. अडखळले तिथे मेघनाने वाक्य पूर्ण केलं. मला विचारलं तेवढंच मी सांगितलं.

"दादा," आत्या म्हणाल्या, "सुकेळी पाठवायला बरी आठवते रे बहीण. हे सांगायला नाही?"

"मला कळलंच नाही गं, तुझाही त्यात संबंध येतो ते."

"का? मी काय केळीखाली सापडले होते?"

मेघना हसली, मग आत्याही, डोळे पुसत.

"माझ्या पोरीलाही तपासावं लागेल?"

"आधी तुमचं. तुमच्यात तो बदल नसेल, तर तिला हा बदल तुमच्या माहेराकडून मिळालेलाच नाही. घाई नाही, विचार करा."

"विचार चहा होईपर्यंत करते," त्या म्हणाल्या. चहा झाला. त्यांनी संमतिपत्र दोनदा वाचलं, सही केली आणि नळी हातात घेतली.

आत्यांचा रिपोर्ट आला आहे. तो इथे लिहिणार नाही. तो त्यांचा आहे. एवढंच, की आता त्यांना माहीत आहे.

घरी आल्यावर मी फॉर्ममधला पहिला प्रश्न बदलला : तुमच्या आईवडिलांना एकूण मुलं किती झाली? लग्न होऊन गेलेल्या मुली आणि आज हयात नसलेलेही मोजा.

परवा फॉर्म भरताना एक आजोबा त्या प्रश्नाशी थांबले. बोटांवर मोजू लागले. एक हात संपला. मग त्यांनी दुसरा उघडला.