पलीकडचा काठ दिसावा म्हणून

काकूंचा फोन आला तेव्हा मी पत्रक लिहीत होते. "बेटा, काका गेले..." एवढंच. झोपेतच गेले होते. समता कॉलनीतल्या त्यांच्या घरी पोचले तेव्हा कोपऱ्यात तिपाईवर नवी दुर्बीण उभी होती. नवलाईसुद्धा ओसरली नव्हती तिची.

देवकाका बाबांचे रेल्वेतले मित्र. निवृत्त झाल्यापासून पक्षी बघायचे. भनपुरीत ट्रकांच्या अड्ड्यामागे एक तलाव आहे आणि शेजारचा कारखाना त्यात राख ओततो. पाणी मेलंय, तिथे काही जगत नाही, असं कारखान्याचं म्हणणं. सरकारी पाहणीत ते मान्य झालं तर तलाव बुजणार. मी तडकाफडकी पत्रक काढलं : हजारो पक्षी बेघर होणार! काकांनी ते वाचून चष्मा कपाळावर सरकवला.

"काहून वं पोट्टे, तुले दिसले काय हजार?"

"काका, लोक पेटायला हवेत!"

"हव. पण साहेब विचारीन, कोणते पक्षी? तू काय सांगशील, इन्कलाब जिंदाबाद?"

दिसत तर त्यांनाही नव्हतं. कारखान्याने कुंपण पुढे आणल्यापासून पक्षी पलीकडच्या काठाला गेले होते आणि काकांच्या जुन्या दुर्बिणीत तिथे नुसते करडे ठिपके. त्या दुर्बिणीवर त्यांचा जीव होता, तरी "ठिपक्यांची साक्ष कोण मानते?" म्हणत त्यांनी मोठ्या भिंगाची मागवली. काकू म्हणाल्या, "या वयात लोक मोतीबिंदू काढतात, हे दुर्बीण बदलून राहिले!"

पहिल्या सकाळी काका कितीतरी वेळ वाकून होते. मग हळूच म्हणाले, "चक्रवाक हाय... जोडी. आता लिही. जोडीच लिही."

"दोन पक्ष्यांसाठी कोण तलाव वाचवतं, काका?"

"दोघांसाठी नाही वाचवत, ते हजारांसाठी काहून वाचवतीन?"



काका गेल्यावर काकूंनी दुर्बीण माझ्या हाती दिली. रोज तलावावर जाते, आणि रोज चित्राच्या कडा काळ्या दिसत होत्या. कारण ठाऊक होतं. डोळा टेकवायची रबरी कड काकांनी चष्म्यासाठी आत दाबलेली होती. मला चष्मा नाही. ती बाहेर ओढली की झालं. तरी मी हात लावत नव्हते, त्या काळोख्या कडांमधूनच बघत होते, चिडत होते...

उद्या पाहणी आहे. आज सकाळी समोर ट्रक राख ओतत असताना मी कड बाहेर ओढली. पलीकडचा काठ लख्ख झाला. उद्याच्या साहेबांना चष्मा असला तर ती पुन्हा आत दाबावी लागेल, काका ठेवायचे तशी.