पोलादावरचा अंगठा

पद्मजा वैरागडे बंदुकांच्या दुकानात काम करते हे टेक्सासमध्ये, डॅलसजवळच्या अर्विंगच्या आमच्या मराठी मंडळात बरेच दिवस कुणाला माहीत नव्हतं. कुणी विचारलं तर ती ‘मेटल फिनिशिंग’ म्हणायची आणि विषय बदलायची. मूळची नागपूरची, केमिस्ट्रीची बी.एस्सी. लग्नाआधी तीन वर्षं बुटीबोरीच्या एका प्लेटिंगच्या, धातूवर मुलामा चढवायच्या कारखान्यात होती. नवरा नरेंद्र आयटीतला. अठ्ठ्याण्णव साली त्याच्याबरोबर आली आणि व्हिसा डिपेन्डंटचा, नोकरीची परवानगी नाही, म्हणून पाच वर्षं घरात बसली. ग्रीन कार्ड हातात आल्यावर बाकीच्या बायकांनी तिला सॉफ्टवेअर टेस्टिंगचे क्लास सुचवले. तिने मात्र पेपरातली एक चार ओळींची जाहिरात कापून ठेवली होती. रॉय नावाच्या सत्तरीच्या म्हाताऱ्याला आपल्या दुकानात जुन्या बंदुकांचा गंज काढून नवा काळा-निळा रंग चढवायला रसायनांची सवय असलेलं माणूस हवं होतं.

ते काम तिला आवडलं, आणि ती त्यात चांगली होती. जुन्या पद्धतीत पोलादाला मुद्दाम बारीक गंज चढवतात, उकळत्या पाण्यात तो काळा करतात, मऊ तारेच्या ब्रशने घासतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. सहा-सात वेळा. मध्येच उघडं बोट लागलं तर डाग कायमचा. म्हणून ती दिवसभर सुती हातमोजे घालून असायची.

दोन हजार पाचच्या एप्रिलमध्ये दुकानात अनिश आला. इथेच वाढलेला, वकील. त्याचे वडील, डॉक्टर मनोहर टिपणीस, वेस्ट टेक्सासमधल्या एका लहान गावात तीस वर्षं एकटेच डॉक्टर होते. एका रँचवाल्याने त्यांना आपल्या आजोबांचं पंचेचाळीस कॅलिबरचं भलंमोठं रिव्हॉल्व्हर भेट दिलं होतं. डॉक्टर दोन वर्षांपूर्वी गेले, आई अनिशकडे राहायला आली. आता ती तीन महिने पुण्याला बहिणीकडे गेली होती, तेवढ्यात त्याला ते नवं करून, काचेच्या पेटीत घालून तिला सरप्राइज द्यायचं होतं.

“सगळा रस्ट काढा,” तो म्हणाला. “मेक इट लाइक न्यू.”

रॉयच्या रिवाजाप्रमाणे पद्मजाने आधी फोटो काढले. डाव्या बाजूला, सिलिंडरच्या मागच्या सपाट जागी, गंजात उमटलेला एक अंगठा होता. रुंद, मधोमध भोवरा असलेला, रेघ न् रेघ मोजता येईल असा. अनिशला फोन करून विचारावं असं तिच्या मनात आलं. मग कामाच्या कागदावर ‘सगळा गंज’ लिहिलेलं दिसलं आणि तिने पॉलिशचा कागद उचलला. कडा लवकर गेल्या. भोवरा जाईना. त्या एका भोवऱ्यात तिचा अर्धा दिवस गेला. शेवटी तो गेला तेव्हा, ती मला म्हणाली, कुणाचा तरी हात धरून सोडवल्यासारखं वाटलं.

जूनमध्ये एका दुपारी शोभनाकाकू, म्हणजे अनिशची आई, एकट्याच दुकानात आल्या. पेटी काउंटरवर ठेवली.

“तू पद्मजा ना? इथे अंगठा होता.”

“हो, काकू.”

“मग?”

“मी काढला.”

काकूंनी थोडा वेळ पेटीवर हात ठेवला. मग त्यांनी सांगितलं. डॉक्टरांच्या हातांना भयंकर घाम यायचा. किल्ल्या, कात्र्या, जे हातात धरतील ते गंजायचं. हॉस्पिटलमध्ये भरती व्हायच्या आदल्या दिवशी त्यांनी रिव्हॉल्व्हर साफ केलं, ड्रॉवरमध्ये ठेवलं, आणि ते घरी परत आले नाहीत. दीड महिन्याने काकूंनी ड्रॉवर उघडला तेव्हा पोलादावर अंगठा आलेला होता.

“घरातलं बाकी सगळं हे असतानाचं आहे,” त्या म्हणाल्या. “हा एकच, हे गेल्यावर आलेला.”

त्या रागावल्या नाहीत. काम सुरेख झालंय म्हणाल्या, पेटी उचलून गेल्या.

त्यानंतर पद्मजाचं काहीतरी बिनसलं. नरेंद्रने पाणी पिऊन ठेवलेला ग्लास ती धुवेना. फ्रीजच्या दारावरचे, आरशावरचे डाग तसेच राहू लागले. दुकानात टेबलावर आलेली प्रत्येक बंदूक आधीच कुणाच्या तरी हातात आहे असं तिला वाटे. नरेंद्र म्हणाला, “यार, तू ऑर्डरप्रमाणे केलंस.” ते खरं होतं, त्याने फरक पडला नाही. गिऱ्हाइकांना ती विचारू लागली की यातलं काय ठेवायचं आहे. बरेच जण हसत.

पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये अनिश चिडून आला. गंज परत आला होता. पद्मजाने रिव्हॉल्व्हर दिव्याखाली धरलं. त्याच जागी अंगठा होता.

 स्टुलावर बसून तिने जुना फोटो काढला आणि भिंग घेऊन शेजारी धरला. हा अंगठा अरुंद होता. भोवरा नव्हता. मधून विळीने कापल्याची जुनी तिरपी खूण गेली होती. अनिश बाहेर थांबला होता. तिने आतूनच काकूंना फोन लावला.

काकूंनी काही लपवलं नाही. रोज सकाळी त्या मिठाच्या पाण्यात अंगठा बुडवून त्या जागी दाबत होत्या. वर्षभर.

“मला वाटलं त्यांचा परत येईल,” त्या म्हणाल्या. “माझाच आला.”

पद्मजाने जुना फोटो देऊ केला. फोटो पुष्कळ आहेत, नको, म्हणाल्या. मग हा अंगठा काढू का, असं तिने विचारलं. त्या म्हणाल्या, “राहू दे.”

तिने हातमोजे घालून त्यावर तेल चोळलं, म्हणजे गंज पुढे खाणार नाही, आणि अनिशला सांगितलं की डाग खोल आहे, निघणार नाही. ती धडधडीत खोटं बोलते आहे हे रॉयला कळत होतं. त्याने रिव्हॉल्व्हर अनिशच्या हातात दिलं.

काकू दोन हजार सातच्या डिसेंबरात गेल्या. पद्मजा भेटायला गेली तेव्हा पेटी कुठे दिसली नाही. अनिशने सांगितलं की घरात लहान मुलगी आहे, म्हणून रिव्हॉल्व्हर एका डीलरला देऊन टाकलं. पद्मजाने त्या डीलरला गाठलं, तर त्याने ते एका गन शोमध्ये, बंदुकांच्या प्रदर्शनात, विकलं होतं, कुणाला ते त्याला आठवत नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात रॉयने दुकान बंद केलं. पद्मजा आता विमानाच्या सुट्या भागांना प्लेटिंग करते, तिथे कुणाचे हात लागलेले नसतात. पण डॅलसच्या आसपास गन शो असला की ती शनिवारी गाडी काढते. एकदा मी बरोबर गेले होते. जुनं पंचेचाळीसचं रिव्हॉल्व्हर दिसलं की ती विक्रेत्याला विचारून उचलायची, डावी बाजू उजेडाकडे करायची, आणि खाली ठेवायची. एकाने विचारलं, काही खास शोधताय का? तिने नाही म्हणून मान हलवली आणि पुढच्या टेबलाकडे गेली.