आपापल्या गिरणीची खोट

भाताच्या गिरणीत भुसा कसा साठतो ते कुणी बघत नाही. रोज थोडा पडतो, रोज कुणीतरी पायानं बाजूला सारतो, आणि एक दिवस मागचं दार उघडायला जावं तर ते उघडतच नाही. किश्शांचंही तसंच असतं. घडत असतात तेव्हा आपण वैतागलेले असतो. पुढं कधीतरी चार माणसं जमतात, चहा येतो, कुणी नुसतं "मूल गावच्या गिरण्या" म्हणतं, आणि मग मला थांबवणं घरच्यांना जड जातं.

हल्ली कारखान्यांत बाहेरून लोक येतात, मीटर लावतात, इंधन कुठं वाया जातं ते सांगतात. त्याला एनर्जी ऑडिट म्हणतात म्हणे. आम्ही मूलमध्ये हेच केलं तेव्हा देश स्वतंत्र होऊन थोडीच वर्षं झाली होती आणि आमच्या गिरण्यांपर्यंत वीजसुद्धा पोचली नव्हती. बाहेरचं कुणी येणार नव्हतंच, म्हणून आम्हीच आम्हाला तपासलं. माणसानं स्वतःला तपासायला घेतलं की काय काय होतं, ते ऐका!

*

त्या वर्षी जंगलातल्या लाकडाच्या डेपोवरून निरोप आला, की यंदा गिरण्यांना लाकूड कमी मिळेल. आम्ही चौघं हादरलो. चौघं म्हणजे कोण? एक नामदेवभाऊ, त्यांची भाताची गिरणी गावात सगळ्यांत मोठी. दुसरे रहीमभाई, त्यांची लाकूड कापायची आरा मशीन होती, शिवाय गावातल्या कुठल्याही बॉयलरला काही झालं की हातोडी घेऊन तेच यायचे. तिसऱ्या पार्वताबाई. नवरा गेल्यावर त्याची भाताची गिरणी त्या एकट्यानं चालवत होत्या. आणि चौथा मी, ऑईल इंजिनवर जवसाचं तेल काढणारा; मला लाकूड लागत नसे, पण या तिघांचा घोर तो माझाही.

खरा घोर होता तो पार्वताबाईंना. आमच्याकडे उकडा तांदूळ करतात. धान टाक्यांत भिजवायचं, वाफेवर उकडायचं, वाळवायचं आणि मग भरडायचं. वाफेला बॉयलर लागतो, आणि बाईंची भट्टी इतकी जुनी की तिच्यात भुसा पेटत नसे, लाकूडच लागे. लाकूड मध्येच संपलं तर गावोगावच्या लोकांचं भिजलेलं धान टाक्यांत कुजणार. दीर तर टपूनच बसला होता. एक हंगाम जरी गिरणी अडली तरी ती विकून टाकायची, असं त्यानं चार नातेवाइकांसमोर बाईंकडून कबूल करून घेतलं होतं.

रहीमभाईंनी तोड काढली. दर बाजाराच्या दिवशी स्टेशनाजवळच्या हॉटेलात चौघांनी बसायचं आणि ज्यानं त्यानं आपल्याच गिरणीची खोट सांगायची. दुसऱ्याच्या गिरणीबद्दल चकार शब्द काढायचा नाही.

पहिल्या बैठकीला नामदेवभाऊ म्हणाले, माझ्याकडे सगळं ठीक आहे. रहीमभाई म्हणाले, माझ्याकडेही. मी म्हणालो, मी तर रात्रंदिवस इंजिनापाशीच असतो, माझ्याकडे कुठून खोट निघणार? पार्वताबाई शेवटी बोलल्या.

"माह्या गिरणीत जिथी हात लावला तिथी खोट हाय. तुमचं सगळ्यायचं बराबर हाय, तं मंग लाकूड जाते कुठी?"

आम्ही आणखी एकेक चहा मागवला.

*

नामदेवभाऊंच्या चिमणीतून असा काळा धूर निघायचा की पार नदीपलीकडून दिसावा. त्याचा त्यांना केवढा अभिमान! काळा धूर म्हणजे न जळलेलं लाकूडच आभाळात चाललं आहे, हे बैठकीबाहेर त्यांच्या गळी उतरवायला रहीमभाईंना बरेच दिवस लागले. शेवटी भाऊंनी भट्टीची हवा वाढवली, लाकूड बारीक फोडून थोडं थोडं टाकायला लावलं, आणि धूर इतका विरळ झाला की असून नसल्यासारखा.

पण दुसऱ्याच दिवसापासून त्यांच्याकडे धानाच्या गाड्या येईनात. आमच्याकडची रीतच अशी, की गाडीवान रस्त्याच्या शेवटच्या वळणावर बैल थांबवतो आणि चिमणीकडे बघतो. धूर दिसला तर गिरणी चालू, नाही दिसला तर बंद. भाऊंच्या गाड्या वळणावरूनच पार्वताबाईंकडे वळू लागल्या. बाईंना एकेक गिऱ्हाईक सोन्यासारखं होतं, तरी त्या प्रत्येक गाडीवानाला सांगत राहिल्या, भाऊची गिरणी सुरू आहे, तुमचं धान तिकडचं आहे, तिकडेच न्या.

भाऊंनी मात्र आपला उपाय शोधला. अंगणात ओल्या भुशाचा मोठा ढीग रचला आणि पेटवून दिला. धूरच धूर! गाड्या परत आल्या. पुढच्या बैठकीत रहीमभाईंनी विचारलं, तपासणीचा काही फायदा झाला का?

"झाला ना. लाकूड वाचून राह्यलं," भाऊ म्हणाले. "आता भुसा सरत आला."

*

रहीमभाईंच्या आरा मशीनचं वाफेचं इंजिन पूर्वीपेक्षा जास्त लाकूड खायला लागलं होतं. त्यांनी पट्टे तपासले, तेलपाणी केलं, करवतीला धार लावली. काही केल्या फरक पडेना. मग एक दिवस ते मुख्य शाफ्टच्या, म्हणजे सगळे पट्टे फिरवणाऱ्या लांब दांड्याच्या, बाजूनं चालत निघाले आणि भिंतीशी येऊन थांबले. शाफ्ट भिंतीतून पलीकडे गेला होता. पलीकडे पूर्वी रंधा मशीन होती. ती केव्हाच विकली होती, पण तिचा पट्टा कुणी उतरवलाच नव्हता. गोठ्यात एक भलंमोठं चाक दिवसभर उगाच फिरत होतं.

गोठा म्हणायचं कारण, मशीन गेल्यावर रहीमभाईंच्या अम्मांनी तिथं म्हैस बांधली होती.

रहीमभाईंनी पट्टा उतरवला आणि छाती काढून बैठकीत सांगितलं, की मी माझी खोट शोधली. आम्हीही खूष झालो. पुढच्या बाजाराला आले ते मान खाली घालून. म्हैस तिथं बांधल्यापासून तिला चाकाच्या घरघरीची सवय झालेली. घरघर थांबली आणि तिनं पान्हा चोरला. अम्मांनी मुलाशी बोलणं टाकलं होतं.

नामदेवभाऊंनी विचारलं, मग आता?

"पट्टा काढला तो काढलाच," रहीमभाई म्हणाले. "फक्त दूध काढतानी चढवतो."

*

वाफ कुठं गळते हे शोधायचं तर कान लागतो. गिरणी चालू असताना काहीच ऐकू येत नाही. म्हणून नामदेवभाऊंच्या गिरणीत एकदा सगळी यंत्रं थांबवली, माणसांना बाहेर काढलं, बॉयलरात वाफ तेवढी धरून ठेवली, आणि रहीमभाई न् मी मांजराच्या पावलांनी आत शिरलो. भाऊ दारात हाताची घडी घालून उभे होते. त्यांच्या गिरणीत वाफ गळते हे त्यांना मुळातच मान्य नव्हतं.

आणि आम्हाला ऐकू आलं. स्स्स्. थांबून पुन्हा, स्स्स्. रहीमभाईंचा चेहरा उजळला. आवाज बॉयलरमागच्या भिंतीकडून येत होता. तिथं भुशाचा ढीग होता, आणि ढिगामागून वाफेचा पाईप गेला होता. मी ओणवा होऊन हातानं भुसा बाजूला केला.

पाईप ठणठणीत होता. त्याच्या उबेला एक नाग वेटोळं करून बसला होता आणि त्याला आमचा राग आला होता.

आम्ही दोघं दारातून कसे बाहेर आलो ते मला आजही आठवत नाही. नामदेवभाऊंनी नागाला लांबूनच हात जोडले आणि आमच्याकडे वळून शांतपणे म्हणाले, "पाहून घेतलं ना? माह्या गिरणीत वाफ गळत नाई."

*

आता माझंही सांगायला हवं. माझं इंजिन जुन्या जातीचं होतं. चालू करायचं तर आधी त्याचं डोकं दिव्यानं तापवत बसावं लागे. त्या कंटाळ्यानं मी दुपारच्या जेवणातही ते बंद करत नसे. क्रूड तेल फुकट जळायचं. मीही ठरवलं, दुपारी इंजिन बंद! घरी पोटभर जेवलो, थोडा आडवा झालो. तोच दार धडाधडा वाजलं. उघडतो तो शेजारच्या काकू, केसांतून ओघळ वाहताहेत आणि एका हातात रिकामी बादली.

इंजिन गार ठेवायला जे पाणी खेळतं, ते तापून मागच्या हौदात पडायचं. अख्खी आळी त्या पाण्यानं आंघोळी उरकत होती, आणि हे मला सोडून सगळ्यांना माहीत होतं.

"इंजन बंद करतानी सांगाचं नाई का?" काकू म्हणाल्या. "डोक्याले शिकेकाई लावून बसली मी!"

*

पार्वताबाईंची गिरणी बघायला आम्ही सगळेच गेलो, कारण त्यांनीच बोलावलं. बाईंनी स्वतः भट्टीत लाकूड टाकून टाकून सगळं शिकून घेतलं होतं. फटी मातीनं लिंपल्या होत्या, राख वेळेवर काढायची शिस्त लावली होती. राहिला होता तो वाफेचा लांब उघडा पाईप. त्याला माती आणि गोणपाट गुंडाळा, वाफ वाटेत गार होणार नाही, असं रहीमभाईंनी सांगितलं. बाईंनी दोन दिवसांत तो पाईप पार झाकून टाकला.

पुन्हा गेलो तेव्हा रहीमभाई चुकचुकले. मधला एक तुकडा पुन्हा उघडा केलेला होता. त्याच्या कडेला गोधड्यांवर गिरणीतल्या मजूर बायकांची लेकरं निजली होती. पौषातली थंडी, जंगलाकडचा वारा, आणि आया बाहेर अंगणात धान पसरत होत्या. पाईप झाकल्यावर पहिल्याच सकाळी लेकरं कुडकुडून रडायला लागली, तेव्हा बाईंनी आपल्या हातानं गोणपाट सोडलं होतं.

वाफेचा कण न् कण जिला हवा होता, तिनं हे केलं होतं. रहीमभाईंनी तरीही विचारलं, बाई, ही खोट नाही का?

"हाय ना. मले मालूम हाय," बाई म्हणाल्या. "राहू द्या ते."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कोणाला दिसू नये म्हणून मी उगाच टाकीत डोकावून धान बघत बसलो.

*

एवढं करूनही बाईंचं लाकूड हंगाम संपायच्या आधीच सरलं. अवेळी पाऊस झाला, जंगलातल्या वाटा चिखलात गेल्या आणि डेपोकडून येणाऱ्या गाड्या वाटेतच रुतून बसल्या. बाईंच्या टाक्यांत धान भिजलेलं होतं. फार तर एखादा दिवस ते तग धरणार होतं.

बाजाराच्या दिवशी त्या हॉटेलात आल्या, चहाला हात लावला नाही. रहीमभाई म्हणाले, माझ्याकडची सालपं, तुकडे, जे असेल ते घेऊन जा. बाईंनी मान हलवली. उसनं घेतलं की दीर दुसऱ्या दिवशी पंचांत सांगणार, बाईची गिरणी शेजाऱ्यांच्या दयेवर चालते. तसं ऐकून घेण्यापेक्षा बंद पडलेली बरी, असं त्या म्हणाल्या.

मग नामदेवभाऊ खाकरले.

"माह्या बॉयलरची नळी फुटली," ते म्हणाले.

मी आणि रहीमभाई त्यांच्याकडे बघतच राहिलो. भर हंगामात गिरणी बंद! भाऊ कपबशीकडे बघत पुढं बोलत होते, की दुरुस्तीला वेळ लागेल, येणाऱ्या गाड्या बाईंकडे पाठवाव्या लागतील, आणि अंगणातलं लाकूड पावसात भिजून वाया जाणार. बाईंनीच ते वापरून त्यांच्या गिऱ्हाइकांचं धान उकडून दिलं तर त्यांच्यावर मोठे उपकार होतील.

बाईंनी आता चहाचा घोट घेतला. मग म्हणाल्या, "सकाळी येऊन नळी पाहीन मी."

सकाळी आम्ही सगळे गेलो. भट्टी विझवलेली होती, बॉयलर अजून कोमट होता. खाली पाण्याचं तळं साचलं होतं आणि कोपऱ्यात एक ओली बादली पालथी ठेवली होती. रहीमभाईंनी हातोडी काढली आणि एकेक नळी ठोकत गेले. प्रत्येक नळी खणखणीत वाजली. त्यांनी मागं वळून नामदेवभाऊंकडे पाहिलं. भाऊ चिमणीकडे बघत होते.

"फुटली हाय," रहीमभाई म्हणाले. "बदलावी लागन."

आता बाई पुढं झाल्या. वाकून त्यांनी सगळ्या नळ्यांवरून हात फिरवला, सावकाश, वरपासून खालपर्यंत. हात काजळीनं काळा झाला. कुठली, म्हणून त्यांनी विचारलं, आणि भाऊंनी न बघताच एका नळीकडे बोट दाखवलं. बाईंनी तिच्यावर तळवा टेकवला आणि तसाच ठेवला.

"फुटल्या नळीचा भरवसा नसते, भाऊ," त्या म्हणाल्या. "माह्या टाक्या रिकाम्या होतवर पेटवू नका."

"नाई पेटवत," भाऊ म्हणाले.

बाईंनी पदर खोचला आणि बाहेर जाऊन लाकूड न्यायला गाडीवानाला बैल जुंपायला सांगितलं.