इतिवृत्तात न आलेला पूर

सभेचं इतिवृत्त लिहिणाऱ्या माणसाकडे दोन वह्या असाव्यात, या मताची मी आहे. एकीत ‘नागरिकांनी सूचना मांडल्या, त्यांची नोंद घेण्यात आली’ असं लिहायचं. दुसरीत नागरिक खरोखर काय म्हणाले ते. नदीकाठच्या पूरनियंत्रण प्रकल्पाच्या जनसुनावण्यांना मी दीड वर्ष बसले. आमची सल्लागार कंपनी लहान. प्रकल्पाचे मुख्य अभियंता देवधर साहेब, पाण्याचे नकाशे करणारी ऋचा आणि लिहून घ्यायला मी. पहिली वही अहवालाबरोबर जमा झाली आणि तिच्याबद्दल पुन्हा कुणी विचारलं नाही. दुसरी मात्र चार लोक जमले की हटकून बाहेर निघते.

*

पहिली सुनावणी शनिवार पेठेतल्या एका मंगल कार्यालयात होती. आदल्या दिवशीच्या मुंजीच्या माळा अजून खांबांवर होत्या. मागच्या पावसाळ्यात खालच्या गल्ल्यांत पाणी शिरलं होतं, त्यामुळे लोक तापलेले असणार असं धरून साहेबांनी काठावर बांधायच्या भिंतीची उंची, पंपांची ताकद, सगळं तोंडपाठ केलं होतं.

पहिले उठले ते मराठीचे निवृत्त शिक्षक, गोखले सर. हातात आमचं माहितीपत्रक, खिशाला लाल पेन. भिंतीबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. पत्रकात ‘पुर’ हा शब्द सगळीकडे ऱ्हस्व छापलाय, एवढीच त्यांची हरकत होती. साहेब म्हणाले, छपाईत चूक झाली असेल, भावना लक्षात घ्या.

“भावना लक्षात आली,” सर म्हणाले. “पण तुम्ही पूर ऱ्हस्व लिहिलाय. आमच्या तळमजल्यावर आला तेव्हा तो चांगला दीर्घ होता.”

पत्रक पुन्हा छापावं लागलं. त्यानंतरचं प्रत्येक पत्रक साहेब आधी सरांकडे पाठवायचे. ते दुसऱ्या दिवशी तपासून परत यायचं आणि खाली बारीक अक्षरात शेरा असायचा : ‘शुद्धलेखन ठीक. प्रकल्पाबद्दलचं मत राखून ठेवतो.’

*

ऋचा आमच्याकडे आली ती हिंजवडीतली सॉफ्टवेअरची नोकरी सोडून. रोज तीन तास कंपनीच्या बसमध्ये ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर काहीतरी वाहतं बघावंसं वाटलं, असं कारण ती सांगायची. तिने एक नकाशा तयार केला होता. आपल्या इमारतीचं नाव सांगायचं, की पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आपल्या घरापासून किती लांब आहे ते पडद्यावर दिसायचं. सुनावणीच्या आधी त्या लॅपटॉपपुढे रांग लागायची.

एकदा एक आपटे म्हणून जोडपं आलं. त्यांची सोसायटी नदीला लागून, आणि फ्लॅट तळमजल्यावर. ऋचाने त्यांचं घर मोठं करून दाखवलं, तर निळी रेषा बरोबर घराच्या मधून गेलेली. स्वयंपाकघर आणि मागची खोली पुरात, हॉल बाहेर. आपटे घाबरले. घराची किंमत पडणार का, विमा मिळेल का, असं त्यांनी साहेबांना विचारायला सुरुवात केली. साहेबांनी समजूत घातली, की रेषा अंदाजे असते, शिवाय भिंत झाल्यावर ती मागे सरकेल.

आपटेबाई इतका वेळ पडद्याकडेच बघत होत्या.

“अहो, रेषा अगदी बरोबर आहे,” त्या साहेबांना म्हणाल्या. “घरात काहीही झालं तरी मी स्वयंपाकघरात गळ्यापर्यंत आणि हे हॉलमध्ये कोरडे. तुमच्या मॅडमना कळलं कसं, ते मला विचारायचंय.”

आपटे त्यानंतर एकाही सुनावणीला आले नाहीत. बाई मात्र येत राहिल्या.

*

त्या ‘पंचवीस वर्षांतून एकदा’ने आम्हाला फार छळलं. शहराच्या पूर्वेला, अलीकडेच हद्दीत आलेल्या एका गावात देवळाच्या मंडपात सुनावणी होती. अर्ध्या शेतजमिनीवर इमारती उठलेल्या, उरलेली नदीकाठी. साहेबांनी फळ्यावर आकृती काढून समजावलं, की एवढा मोठा पूर सरासरी पंचवीस वर्षांतून एकदाच येतो.

पुढच्या रांगेत काळूराम अण्णा बसले होते. वय सत्तरीच्या पुढे, डोक्याला टोपी, काठावर चार एकर ऊस. त्यांनी आधी चहा संपवला, मग हात वर केला. आमच्याकडे चार पावसाळ्यांत तीनदा पाणी आलं, ते हेच पाणी का, असं त्यांनी विचारलं. ऋचाने नकाशा बघितला आणि हो म्हणाली.

“मंग तीनदा म्हंजी पंच्याहत्तर वर्सांचं आमचं आगावू झालं,” अण्णा म्हणाले. “आता नातवाच्या म्हातारपनापत्तुर येत न्हाई. तेवढं लिहून द्या, भिंत नको.”

साहेबांनी परत खडू घेतला. शक्यता म्हणजे काय, ती दर वर्षी नव्याने कशी मोजतात, हे नाण्याचा छापा-काटा करून दाखवलं. अण्णांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग शेजाऱ्याकडे वळून म्हणाले, की साहेब माणूस चांगला हाय, पण त्यालाबी ठावं न्हाई.

परतताना गाडीत साहेबांनी हातावरचा खडू झटकला. मग म्हणाले, की तीस वर्षांत माझ्या कामाचं इतकं अचूक वर्णन कुणी केलं नव्हतं.

*

ज्यांना यायला जमत नाही त्यांच्यासाठी ऑनलाइन फॉर्म होता. त्यात एक रकाना, ‘आपला नदीशी संबंध’. पर्याय चार : रहिवासी, व्यावसायिक, अभ्यासक, इतर. इतर निवडलं तर तपशील लिहायचा.

एका गृहस्थांनी लिहिलं होतं : ‘मी तिच्याकडे कधी गेलो नाही. ती माझ्याकडे दोनदा आली.’

*

तिसऱ्या का चौथ्या सुनावणीला वाघोलीहून एक गृहस्थ आले. वाघोली नदीच्या पुरापासून बरीच लांब, तरी नाव नोंदवलं होतं म्हणून माइक दिला. पंधरा मिनिटं ते तळमळून बोलले. रस्ता आधी, सांडपाण्याची वाहिनी मग, म्हणजे रस्ता परत खोदणार. झाडं तोडून त्याच जागी झाडांची चित्रं लावणार. आणि आम्हाला विचारणार ते सगळं ठरल्यावर. लोकांनी दोनदा टाळ्या वाजवल्या. मीही भराभर लिहीत होते.

ते थांबल्यावर साहेबांनी हळूच विचारलं, की यातला नदीचा भाग कुठला. तेव्हा उलगडा झाला. त्यांना उड्डाणपुलाच्या सुनावणीला जायचं होतं. ती वरच्या मजल्यावर चालू होती.

साहेब म्हणाले, लगेच वर गेलात तर अजून वेळ मिळेल. गृहस्थांनी घड्याळ बघितलं, जिन्याकडे बघितलं आणि खाली बसले.

“हरकत तीच आहे,” ते मला म्हणाले. “तुम्ही प्रकल्पाचं नाव तेवढं बदलून घ्या.”

*

शेवटच्या सुनावणीत वाद पेटला तो मागच्या पुरात पाणी नेमकं किती चढलं यावर. भिंतीची उंची त्यावरच ठरणार होती. आमच्याकडे पुलाच्या खांबावरच्या खुणेचा आकडा होता. काठच्या वस्तीतले लोक म्हणत होते, की पाणी त्याच्या बरंच वर होतं. पुरावा काय, असं विचारलं की प्रत्येक जण आपल्या अंगावर हात लावून दाखवायचा, आणि प्रत्येकाची उंची वेगळी.

शेवटच्या रांगेत शेवंताबाई बसल्या होत्या. वस्तीतल्याच. पोळीभाजीचे डबे करायच्या. आधीच्या बऱ्याच सुनावण्यांना त्या येऊन बसल्या होत्या आणि एकदाही बोलल्या नव्हत्या. साहेबांनी सहज त्यांना विचारलं, की तुमचं काय म्हणणं.

“माझ्याकडं लिव्हल्यालं हाय,” त्या म्हणाल्या. “पन हितं आनता येत न्हाई.”

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब, ऋचा आणि मी पातळी मोजायचं यंत्र घेऊन त्यांच्याकडे गेलो. एकच खोली, वर पत्रा. दारासमोरच्या भिंतीवर त्यांच्या यजमानांचा हार घातलेला फोटो, अगदी पत्र्याला टेकलेला. त्याच्या खाली, एकाखाली एक, चार रिकामे खिळे.

दर पुरात पाणी फोटोच्या कडेला लागायचं. पाणी ओसरलं की शेवंताबाई सगळ्यात आधी खिळा आणखी वर ठोकायच्या. सगळ्यात खालचा लेक झाली त्या वर्षीचा, त्यावरचा तिच्या शाळेचा, असं त्यांनी एकेका खिळ्यावर बोट ठेवून सांगितलं. आता वर पत्रा आला, खिळ्याला जागा राहिली नाही, म्हणून सभेला येते, म्हणाल्या.

ऋचाने चारही खिळे मोजले. आमचा आकडा हातभर कमी निघाला. त्या पट्ट्यातली भिंतीची उंची बदलली, आणि अहवालात ‘स्थानिक पूरखुणा : चार खिळे’ असं छापून आलं. ते शब्द काढा, असं वरून दोनदा सांगण्यात आलं. साहेबांनी दोन्ही वेळा ऐकू न आल्यासारखं केलं.

पण हे सगळं नंतरचं. त्या सकाळी निघताना ऋचाने त्यांना विचारलं, की पाणी गेल्यावर घरभर चिखल असतो, धान्य भिजलेलं असतं, शेगडी बंद पडलेली असते. मग आधी खिळाच का ठोकता?

शेवंताबाईंनी फोटोकडे बघितलं, पदराने त्याची काच पुसली.

“ह्यांना पोहता येत न्हवतं,” त्या म्हणाल्या.