झनकलालभाऊंच्या रेघा

झनकलालभाऊ कोणाच्याही घरी गेले की आधी दाराची कडी पुसत. खांद्यावरच्या दुपट्ट्याचं टोक बोटाला गुंडाळायचं, कडीवर तोंडाची वाफ सोडायची, चार हात घासायचं आणि मग हाक मारायची, "आहेत काय जी गुरुजी?" मी त्यांचा शेजारी, म्हणजे माझी कडी रोज पुसली जाई. गोंदियात मास्तराच्या घराला सोन्याची कडी आहे अशी वदंता उठली नाही, हेच नवल. गेल्या वर्षी ते गेले आणि कडी काळी पडली.

ते राइस मिलमध्ये फिटर होते. तांदूळ पॉलिश करणाऱ्या यंत्राची देखभाल आयुष्यभर त्यांच्याकडे, त्यामुळे त्यांचं सगळं तत्त्वज्ञान तिथलंच. "ज्याले चमक नाही, त्याले इच्चारते कोण?" असं ते तांदळापासून जावयापर्यंत सगळ्यांबद्दल म्हणत. निवृत्त झाल्यावर घरातली भांडी त्यांना पुरेनात. त्यांच्या पत्नी फुलवंताबाई एकदा मला पितळी बटलोई दाखवून म्हणाल्या, "पाहा जी गुरुजी. दोन घासे अजून मारले असते, तं बुडातून चूल दिसली असती."

अशात एका कबाडीवाल्या मित्राने नागपूरच्या भंगारात आलेली एक लांबट पिशवी त्यांच्या ओसरीवर टाकली. आत गोल्फच्या काठ्या. भाऊंनी गंज काढला, एमरी पेपर मारला, वर चमक आणणारा बफ फिरवला, मुठीचं फाटलेलं रबर बदललं. काठ्या अशा झाल्या की नागपूरच्याच कोणीतरी त्या शोभेसाठी हौसेने नेल्या. मग एकाचं पाहून दुसरा, अशा जुन्या पिशव्या यायला लागल्या.

"भाऊ, हा खेळ कधी पाहिला तरी आहे का तुम्ही?" मी विचारलं.

"कायले? तांदूळ पॉलिश कराले भात खाऊन पाहा लागते काय?"

मी मात्र मोबाइलवर दोन व्हिडिओ पाहिले होते, त्यामुळे ओसरीवर बसून उंटावरून शेळ्या हाकायचा अधिकार मला होता.

गोंदियाजवळच्या कामठ्याला शेतावर राहायला आलेल्या एका निवृत्त डॉक्टरांना मीच भाऊंकडे आणलं. त्यांच्या पत्नी नागपूरला असताना गोल्फ खेळायच्या. त्या वारल्या आणि काठ्या माळ्यावर पडल्या. आता कॉलेजात शिकणारी नात खेळायला लागली होती. "दिवाळीत ती येते आहे. तिने आजीच्या काठ्यांनी खेळावं, एवढीच इच्छा आहे," डॉक्टर म्हणाले. भाऊंनी मान डोलावली आणि निरोप देताना त्यांच्या गाडीचं हँडल पुसलं.

आठ दिवसांनी आम्ही दोघं काठ्या घेऊन कामठ्याला गेलो. नऊच्या नऊ अशा झळकत होत्या की त्यात पाहून दाढी करावी. डॉक्टरांनी एक उचलली आणि चेंडूला लागते त्या बाजूवरून अंगठा फिरवला.

"इथल्या रेघा कुठे गेल्या?"

"घासून काढल्या जी," भाऊ अभिमानाने म्हणाले. "लय खोल होत्या. तीन दिवस लागले मले."

डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. त्या रेघा झीज नव्हत्या, मुद्दाम कोरलेल्या होत्या. ओलं गवत, चिखल त्यांच्यात जातो, म्हणून चेंडू काठीला धरून राहतो. गुळगुळीत काठीवरून तो घसरतो. करायला गेलो गणपती, झाला मारुती. मोबाइलवरचं माझं ज्ञानही त्या वेळी तोंडाला कुलूप लावून बसलं.

"असू द्या," डॉक्टर म्हणाले. "नात भिंतीवर लावेल. सुंदर दिसतील."

शिवी दिली असती तर भाऊंनी पचवली असती. हे त्यांना पचलं नाही. परतीच्या वाटेवर, दुरुस्त करून आणतो म्हणून परत घेतलेल्या नऊ काठ्या मांडीवर ठेवून ते बसले होते. बरोबर डॉक्टरांची स्वतःची एक काठी होती, नमुना म्हणून मागून आणलेली. "भिंतीले टांगाची वस्तू केली म्या, गुरुजी. त्या बाईच्या हातची काठी, अन् म्या तिले फोटो केलं."

दिवाळीला तीन आठवडे होते. भाऊंनी नमुन्याच्या काठीवर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासली, रेघांचे ठसे घेतले, ते एकेका काठीवर चिकटवले आणि तिकोनी कानस घेऊन बसले. जन्मभर जे हात ओरखडे मिटवत आले, ते आता रेघ उमटवायला शिकत होते. पहिल्याच काठीवर कानस सटकली आणि आडवा ओरखडा पडला. फुलवंताबाई म्हणाल्या, "पुसून टाका नं." भाऊ म्हणाले, "नाही. राहू दे. चुकलो तं चुकलो." मी तर खुर्चीवरून पडायचाच बाकी होतो.

दिवाळीनंतरच्या सकाळी आम्ही कामठ्याला पोचलो. धान कापून झालेलं, बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेतात, दव आणि थोडा चिखल. नातीने नेमकी ओरखड्याची काठी निवडली. चेंडू सणसणत उठला आणि तीन बांध्या ओलांडून पळसांपलीकडे गेला. डॉक्टर नुसते डोळ्यांवरचा चष्मा काढून उभे राहिले.

भाऊंनी आयुष्यात पहिल्यांदा गोल्फ पाहिला होता. पळसांकडे बोट करून ते म्हणाले, "एवढ्या दूर फेकलं. आता आणाले कोण जाईन?"

आम्ही हसलो. हसता हसता नातीने काठी त्यांच्या हातात दिली. रेघारेघांत काळा चिखल आणि गवताची पाती बसली होती. सवयीने त्यांनी दुपट्ट्याचं टोक बोटाला गुंडाळलं, काठी तोंडाजवळ नेऊन वाफ सोडली. मग थांबले. त्या चिखलाकडे पाहत राहिले. मला तेव्हा त्यांच्याबद्दल फार माया वाटली.

बोटावरचं टोक त्यांनी हळूहळू सोडलं आणि काठी तशीच नातीला परत दिली.

"मार बाई अजून एक," ते म्हणाले. "आणाले मी जातो."